पंचवीस एच-सेव्हन

भोसरी एमआयडीसीतल्या त्या शेडला मुलाखतीची वेगळी खोली नव्हती. पत्र्याचं पार्टिशन घालून केलेलं ऑफिस, भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर, टेबलाच्या काचेखाली जुनी चलनं. मालक लेथवरून उठून आले ते हात पुसतच. माझी फाइल त्यांनी उघडली नाही. एक टर्न केलेला जॉब टेबलावर ठेवला, शेजारी ड्रॉइंग आणि व्हर्नियर, आणि म्हणाले, "बोअर बघा. पास करणार का सांगा."

साल २००६. सांगलीहून मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी पुण्यात आले होते. आदल्या रात्री स्वतःची ओळख इंग्रजीत पाठ केली होती, आरशासमोर, हाताच्या हालचालींसकट. 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता' याचंही उत्तर तयार होतं. ते सगळं घशातच राहिलं. मी व्हर्नियर उचलला, बोअरमध्ये घातला, वाचलं : २५.०२. ड्रॉइंगवर पंचवीस एच-सेव्हन. तक्ता मला तोंडपाठ होता. पंचवीसला एच-सेव्हन म्हणजे खाली शून्य, वर एकवीस मायक्रॉन. माझं माप वीस मायक्रॉन वर, म्हणजे एका मायक्रॉनने आत. मी ऐटीत सांगितलं, "ओके आहे, सर."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी ड्रॉवरमधून प्लग गेज काढला आणि माझ्याच हातात दिला. नो-गोची बाजू बोअरमध्ये सुळकन गेली. जी जायलाच नको होती ती.

"व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती?"

"शून्य पूर्णांक शून्य दोन."

"आणि टॉलरन्स?"

"शून्य पूर्णांक शून्य एकवीस."

"म्हणजे तुमच्या मापात एका रेषेची चूक झाली की अख्खा टॉलरन्स गेला. याने हे मोजताच येत नाही, ताई. तेवढंच सांगायचं होतं. आणि मोजण्याआधी झिरो बघितला का?"

झिरो मी बघितला नव्हता. जबडे पुसलेही नव्हते.

नोकरी मिळाली नाही. पण त्यांनी चहा मागवला आणि चहा येईपर्यंत सांगितलं की गेल्या महिन्यात इन्स्पेक्शनच्या मुलाने असाच 'ओके' केलेला चारशे नगांचा लॉट गिऱ्हाइकाच्या असेंब्ली लाइनवरून परत आला. सोबत डेबिट नोट. माल गेला, गाडीभाडं गेलं, वर तिकडची लाइन थांबली त्याचेही पैसे कापले. "मला हुशार माणूस नकोय," ते म्हणाले, "मला रात्री झोप लागेल असा माणूस पाहिजे."

मनपाकडे जाणाऱ्या बसमध्ये मला उभ्यानेच यावं लागलं आणि सगळा रस्ता ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. तोवर माझी समजूत अशी की मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा, आपल्याला काय येतं ते दाखवायची. या माणसाने मला काय येतं ते विचारलंच नव्हतं. त्याची झोप एका गोष्टीने उडाली होती आणि ती गोष्ट माझ्या हातून पुन्हा होईल का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्या रात्री मी वहीत लिहिलं, 'यांची झोप कशाने उडते?' पुढे कुठल्याही मुलाखतीला जाण्याआधी हा प्रश्न वहीत वर लिहायचा आणि खाली उत्तर शोधायचं, अशी सवय लागली. बाकीची तयारी त्यातूनच निघत गेली. कधी चुकलीही.

कॉलेजात कॅम्पसच्या वेळी हे कुणी सांगितलं नव्हतं. तिथला ग्रुप डिस्कशन नावाचा प्रकार थोडक्यात सांगते, कारण त्याला थोडक्याहून जास्त किंमत नाही. दहा मुलं गोलाकार बसवायची, एक विषय टाकायचा आणि कोण कुणाला बोलू देत नाही ते बघायचं. आमच्यात त्याला 'मासळी बाजार' म्हणत. मिरजेच्या बाजारात मी लहानपणापासून जाते. तिथे याहून शिस्त असते. मी त्यात एक वाक्य बोलले आणि बाहेर पडले.

त्या दिवसांत मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. पुण्यात शिकलेल्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही; इतरांसाठी, भाडं खोलीचं नव्हे, खाटेचं. आमच्या खोलीत चार खाटा होत्या. तिघी एमपीएससीवाल्या आणि मी एकटी कंपनीवाली. भोसरीहून परत यायला मला आठ वाजायचे, तेव्हा त्या अभ्यासिकेतून मेसला आणि मेसमधून पुन्हा अभ्यासिकेला निघालेल्या असायच्या. त्यातली एक जत तालुक्यातली. तिची राज्यसेवेची मुख्य परीक्षा निघाली, मुलाखतीचं पत्र आलं, आणि आमच्या खोलीत आयोग स्थापन झाला.

दोन खाटा जोडून आम्ही तिघी बसायचो. ती गॅलरीतून 'आत येऊ का' विचारून यायची. मी तांत्रिक सदस्य होते, म्हणजे तिच्या विषयातलं मला काही कळत नसे आणि म्हणूनच माझे प्रश्न तिला नको व्हायचे. क्लासमध्ये ज्यांनी मॉक घेतले तेही ठीक होते, पण खोलीतल्या मुलाखती जास्त निर्दय होत्या. मैत्रिणीला सवलत द्यायची नाही, असं ठरलं होतं.

या प्रकारच्या मुलाखतीची तयारी पुस्तकात नसते, स्वतः भरलेल्या अर्जात असते, हे मी तिथे बघितलं. अर्जातला प्रत्येक शब्द म्हणजे एक उघडं दार. नावाचा अर्थ, आडनावाचं गाव, पदवीचा विषय, तालुका, छंद. हिने छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिलं होतं, कारण सगळेच लिहितात. मी पहिल्याच दिवशी विचारलं, "शेवटचं कुठलं पुस्तक वाचलं? स्पर्धा परीक्षेचं सोडून." ती गप्प झाली. अर्ज तर गेलेला. मग बाईंनी पुढचे दोन महिने रोज झोपायच्या आधी चाळीस पानं वाचली. छंद आधी लिहिला, मग जोपासला.

जतवर मात्र आम्ही तिला पिळून काढलं. सांगली जिल्ह्यात २००५ साली कृष्णेचा पूर घराघरांत शिरला आणि त्याच जिल्ह्यात जतमध्ये टँकरची वाट बघत बसायची वेळ येते, असं का? म्हैसाळ योजनेचं पाणी उचलून तिकडे नेण्यात अडचण कशाची? पूर्वेकडच्या गावांत लोक कन्नड बोलतात; तिथे तुम्ही अधिकारी असलात तर ग्रामसभेत कुठल्या भाषेत बोलाल? याची उत्तरं तिला आमच्यापेक्षा चांगली येत होती, कारण ती तिथे वाढली होती. फसायची ती वेगळ्या जागी. एकदा मी विचारलं, "टँकर चार आहेत, मागणी दहा गावांची. कुठे पाठवाल?" तिने लोकसंख्या, पशुधन, विहिरींचं अंतर असं सगळं शिस्तीत सांगितलं. तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून दुसरी म्हणाली, "आणि तेवढ्यात फोन येतो. आधी आमच्या गावाला पाठवा. फोन करणारा मोठा आहे." ती हसली. ओढणी नीट केली. मग म्हणाली, "नियमाप्रमाणे करीन." आम्ही तिघींनीही मान हलवली, नाही म्हणून. हे उत्तर कुणीही देतं. फोनवर त्या माणसाला नेमकं कुठलं वाक्य बोलशील, ते सांग. त्या एका वाक्यावर आम्ही रात्रीचे साडेबारा केले. शेवटी तिला सापडलं ते असं होतं : "साहेब, तुमच्या गावाचा नंबर तिसरा आहे, उद्या दुपारपर्यंत पोचतो, यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावली आहे." तिचा आवाज बदलला होता. आयोगाची झोप कशाने उडत असेल ते तेव्हा आम्हाला कळलं : गळपटणाऱ्या अधिकाऱ्याने.

आणि एक गोष्ट आम्ही तिच्याकडून रियाजासारखी घटवून घेतली. 'माहीत नाही, सर' हे वाक्य. न हसता, न ओशाळता, पुढे 'पण मला वाटतं' न जोडता. हे ऐकायला सोपं वाटतं. शाळेपासून आपल्याला माहीत नाही म्हणायची शिक्षा झालेली असते, त्यामुळे ते जिभेवर येतच नाही. त्या वर्षी तिचं लेखीच्या गुणांमुळे राहिलं, पुढच्या खेपेला झालं. तेव्हापासून या परीक्षेचं गणितही बदलत गेलं. मधली काही वर्षं मुख्य परीक्षा ८०० गुणांची आणि मुलाखत १०० ची होती; आता वर्णनात्मक पद्धतीत लेखी १७५० आणि मुलाखत २७५, दिल्लीच्या आयोगासारखं. मुलाखतीचं वजन वाढलंय. खालच्या पदांसाठी मात्र केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतीच काढून टाकल्या. आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते; ही बातमी वाचून ते एवढंच म्हणाले, "वशिल्याची एक खिडकी बंद झाली." मलाही ते पटतं. दहा मिनिटांत कारकुनाची पारख होते यावर माझा विश्वास नाही.

मला नोकरी लागली ती त्या मालकाच्या शेडपासून चौथ्या गल्लीत. तिथेही व्हर्नियर पुढे आला. मी तो पुसला, जबडे मिटून उजेडासमोर धरले, झिरो बघितला आणि मगच ड्रॉइंग मागितलं. मालक फोनवर बोलत होते. बोलणं अर्धवट ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोअरला हात लावण्याआधीच नोकरी पक्की झाली होती, असं मला आजही वाटतं.

वर्षभराने मोठ्या कारखान्यात प्रयत्न केला तेव्हा मात्र माझ्या वहीतल्या प्रश्नाला एक ओंगळ उत्तर मिळालं. टेबलापलीकडे तिघं होते. तांत्रिक प्रश्न पंधरा मिनिटांत संपले, चांगले गेले. मग एकाने पेनाचं टोपण लावत विचारलं, "लग्नाचं काय?" दुसऱ्याने त्याला जोड दिली, "म्हणजे आम्ही ट्रेनिंग द्यायचं आणि तुम्ही वर्षात जायचं, असं नको." तिसऱ्याने रात्रपाळीचा मुद्दा काढला. तो मुद्दा तेव्हा कायद्यातही होता. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं ६६ वं कलम बाईला संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आत कारखान्यात काम करू देत नसे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून, सुरक्षिततेच्या आणि ने-आण करण्याच्या अटी घालून, रात्रपाळी खुली केली. पण ती गोष्ट पुढची. त्या दिवशी मी 'अजून ठरलं नाही' म्हणाले आणि मान खाली घातली. याची तयारी मी केली नव्हती. करायला हवी, हे कुणी सांगितलंही नव्हतं. डिप्लोमाच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, आणि दुसरीला हा प्रश्न माझ्यानंतर महिन्याभराने विचारला गेला.

पुढच्या वेळेसाठी मी उत्तर तयार ठेवलं : "आधीच्या ठिकाणी माझ्यासोबत लागलेले तीन मुलगे वर्षात सोडून गेले, मी दीड वर्ष टिकले. रजेचं रजिस्टर मागवून बघा." उत्तर चाललं, त्यातून नोकरीही मिळाली. तरी हे लिहिताना एक कबूल करते. समोरच्याची भीती ओळखून उत्तर द्यायला शिकणं वेगळं आणि ती भीती रास्त आहे असं मानणं वेगळं. कितीतरी वर्षं मी या दोन्हींची गल्लत केली. मुलींना मी सांगायचे, 'असं विचारलं तर असं सांगा.' हा प्रश्नच कुणी विचारू नये, असं म्हणायला मला स्वतः टेबलाच्या पलीकडे बसावं लागलं.

२००८ ची दिवाळी झाली आणि चाकण-पिंपरी पट्ट्यात ब्लॉक क्लोजर सुरू झाले. आठवड्यातले तीन दिवस काम, उरलेले दिवस कारखाना बंद. पुढच्या वर्षी मी एका खाजगी पॉलिटेक्निकमध्ये अर्ज टाकला. तोवर नोकरी करत पार्ट टाइम डिग्री पूर्ण केली होती. तिथली मुलाखत म्हणजे डेमो लेक्चर. फळा, खडू आणि बाकांवर विद्यार्थी म्हणून बसलेले चार प्राध्यापक. विषय माझा मी निवडायचा होता. मी अर्थातच लिमिट्स, फिट्स आणि टॉलरन्स घेतला. तीन रात्री तयारी केली, नोट्स काढल्या, आकृत्या पक्क्या केल्या. वीस मिनिटं मी उत्तम शिकवलं. निदान फळ्याला तरी. संपल्यावर प्राचार्यांनी विचारलं, "मॅडम, शेवटच्या बाकावर आता कोण बसलंय?" मी वळून बघितलं. तिथे बसलेले सर मध्येच उठून दाराबाहेर गेले होते आणि मला पत्ता नव्हता. शिक्षकाच्या मुलाखतीत ज्ञान गृहीत धरलेलं असतं. पाठ फळ्याकडे आहे की वर्गाकडे, ते बघतात. पुन्हा करायची वेळ आली तर मी नोट्स एका पानाच्या ठेवीन आणि पहिली दोन मिनिटं एखादी वस्तू हातोहात फिरवायला देईन. पोरं वस्तूकडे बघतात, तेवढ्यात आपण पोरांकडे बघून घ्यावं.

ती नोकरी मला मिळाली आणि एका सत्राने मी सोडली. सही ज्या रकमेवर करायची ती वेगळी आणि हातात यायची ती वेगळी, हे रुजू झाल्यावर कळलं. मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं त्यांनी विचारलं होतं. मी नम्रपणे 'नाही, सर' म्हटलं होतं. घरी नम्रता शिकवतात, पगार विचारायला कुणी शिकवत नाही. पगार कुठल्या तारखेला, कशात, किती कापून, हे तीन प्रश्न त्या सत्रानंतर मी कधीही गिळले नाहीत.

आता ज्या प्रकाराने मला सगळ्यात जास्त शिकवलं तो. २०११ मध्ये मी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या सप्लायर क्वालिटी विभागासाठी गेले. चार फेऱ्या. तिसऱ्या फेरीत पुस्तकातलं काहीच विचारत नव्हते. नुसतं, "एक प्रसंग सांगा." तुमच्या चुकीमुळे माल परत आला तो. वरिष्ठांशी मतभेद झाले तो. कमी वेळात निर्णय घ्यावा लागला तो. या पद्धतीत प्रसंग, जबाबदारी, कृती आणि निष्पत्ती या क्रमाने बोलायचं असतं, हे मला माहीत होतं. मी क्रमाने बोलत होते. तरी समोरच्या बाई दर दोन मिनिटांनी मला थांबवायच्या आणि एकच विचारायच्या, "ते ठीक. त्यात तुम्ही काय केलं?"

आधी मला राग आला. मी हेच तर सांगत होते. तिसऱ्या वेळी माझं बोलणं माझ्याच कानांवर पडलं. 'आम्ही लॉट थांबवला. आम्ही सप्लायरकडे गेलो. आमच्या असं लक्षात आलं.' सगळीकडे आम्ही. आपल्याकडे 'मी केलं' म्हणणं आगाऊपणाचं. घरात तर स्वयंपाकही 'झाला' असतो, कुणी केलेला नसतो. पण तिथे टेबलापलीकडच्या बाईला हे कळत नव्हतं की त्या 'आम्ही'मध्ये मी पाटी धरून उभी होते की निर्णय माझा होता. तिची झोप उडवणारी गोष्ट हीच असणार : दुसऱ्यांच्या कामावर चालत आलेला माणूस.

मी थांबून पाणी प्यायले आणि तोच प्रसंग पुन्हा सांगितला. "शनिवारी दुपारी तीनला मी लॉट थांबवला. साहेबांना न विचारता, कारण ते फोन उचलत नव्हते. ट्रक भरलेला होता. बाराशे नगांपैकी मी स्वतः दोनशे तपासले, एकोणीस खराब निघाले. सोमवारी मला ओरडा बसला." बाईंनी पहिल्यांदा काहीतरी लिहून घेतलं.

नोकरी लागली त्या रात्री मी नवी वही केली. त्यात दर महिन्याला एक प्रसंग लिहायचा : तारीख, पार्ट, आकडे, मी काय केलं, काय फसलं. पाच वेळा 'का' विचारायची टोयोटाची पद्धत आम्ही रिजेक्शनला लावतो, तीच मी स्वतःच्या फजितीला लावायला लागले. मुलाखत आली की लोक एका रात्रीत आयुष्य आठवायला बसतात. नग आठवत नाहीत, तारखा आठवत नाहीत, मग गोष्ट गुळगुळीत होते आणि गुळगुळीत गोष्ट खोटी वाटते. माझ्या त्या वहीत आज दीडशेच्या आसपास प्रसंग आहेत. त्यातले निम्मे मला शोभणारे नाहीत.

धाकट्या भावाला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं. सीडीएसची लेखी निघाली आणि भोपाळच्या निवड मंडळाचं बोलावणं आलं. त्याच्या तयारीत मी घड्याळ घेऊन बसायचे. एक शब्द दाखवायचा, पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. त्याची वाक्यं वाचून मला हसू यायचं. 'शिस्त' म्हटलं की 'शिस्त आवश्यक आहे', 'आई' म्हटलं की 'आई महान आहे'. सुविचाराचा फळा. मी म्हटलं, "अरे, आई काल तुला काय म्हणाली ते लिही की." पण पंधरा सेकंदांत खरं सुचत नाही, पाठ केलेलं सुचतं, आणि ती परीक्षा बहुधा त्यासाठीच तशी रचलेली आहे.

झेलम एक्सप्रेसने तो गेला. पाच दिवसांचा मुक्काम, नावाऐवजी छातीवर नंबर. पहिल्याच दिवशी चाळणी लागून कितीतरी मुलं दुपारीच स्टेशनवर परत जातात; हा टिकला. चित्रांवरून गोष्टी लिहिल्या, त्यात शेवटचं कार्ड कोरं. मैदानावर फळी, दोरी आणि ओंडका घेऊन गटाने अडथळे पार केले, भाषण केलं, मुलाखत दिली आणि शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सनंतर त्याचा नंबर पुकारला गेला नाही. घरी आल्यावर दोन दिवस बोलला नाही. मग स्वतःच सांगितलं, "तिथे तीन जण तीन बाजूंनी बघतात. लिहितोस काय, बोलतोस काय आणि मैदानात करतोस काय. मनसा, वाचा, कर्मणा म्हणतात त्याला. माझ्या गोष्टींमधला नायक पूल बांधत होता, आग विझवत होता. मैदानावर मी फळीचं टोक धरून उभा होतो." एवढ्या स्वच्छ शब्दांत मी स्वतःविषयी कधी बोलले नाही. पुढे तो बँकेत लागला. तिथल्या मुलाखतीची तयारी त्याला फारशी करावी लागली नाही. लेखीचं वजन ८० टक्के, मुलाखतीचं २०, आणि प्रश्न ठरलेला : इंजिनिअर होऊन बँकेत का? त्याने भोपाळचं सगळं सांगितलं आणि म्हणाला, मला बदलीची भीती नाही. खरं होतं ते.

२०२० च्या उन्हाळ्यात मी आयुष्यातली शेवटची मुलाखत दिली, लॅपटॉपवर. लॅपटॉप मिक्सरच्या खोक्यावर ठेवला, म्हणजे कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी. नाहीतर चेहरा काळा दिसतो. मोबाइलचा डेटा चालू करून ठेवला, कारण वार गुरुवार होता आणि पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज कधी जाईल सांगता येत नाही. एवढं करून कुकर राहिला. सासूबाईंनी वरण-भात लावला होता आणि 'तुमचा सगळ्यात मोठा दोष कुठला' या प्रश्नाला तिसरी शिट्टी झाली. पलीकडचे साहेब बंगळुरूहून बोलत होते. म्हणाले, आमच्याकडे अजून दोन व्हायच्यात. नोकरी मिळाली. कुकरमुळे मिळाली असं आमच्या घरात मानतात.

आता मी दर जून-जुलैमध्ये आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. लग्नाचा प्रश्न आमच्या टेबलावर कुणी विचारत नाही. एका सहकाऱ्याने एकदा विचारला, तेव्हा मी त्याला सगळ्यांदेखत थांबवलं आणि नंतर त्याच्याशी माझं आठवडाभर बिनसलं. टेबलावर एक व्हर्नियर असतो, एक पंचवीस एच-सेव्हनचा जॉब आणि ड्रॉइंग. प्लग गेज ड्रॉवरमध्ये. पलीकडे बसल्यावर कळलं ते हे की मुलाखत घेणाराही घाबरलेला असतो. चुकीचा माणूस घेतला तर वर्षभर तोच निस्तरायचा असतो. पहिली पाच मिनिटं तर मी स्वतःच नीट ऐकत नसते.

गेल्या खेपेला अकरा जण आले. तिघांनी झिरो बघितला. एका मुलीने जॉबला हात न लावताच गेज मागितला. तिला आम्ही घेतलं, पण तिला रेल्वेचं अप्रेंटिसशिपचं पत्र आलं आणि ती तिकडे गेली. सहावा मुलगा करमाळ्याकडचा, शर्टाची घडी अजून मोडलेली नव्हती. त्याने बोअर मोजला आणि ऐटीत म्हणाला, "ओके आहे, मॅडम." मी ड्रॉवर उघडून गेज त्याच्या हातात दिला. नो-गो आत गेली. तो लाल झाला. मग त्याने गेज बाहेर काढला, पुसला, बोअर पुसला, उलटा धरून दुसऱ्या बाजूने पुन्हा घातला आणि म्हणाला, "दोन्हीकडून जातंय. मी चुकलो. मॅडम, हे व्हर्नियरने कळलं असतं का?"

"नाही."

"मग आम्हाला कॉलेजात व्हर्नियरनेच का शिकवलं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मी त्याला तसंच सांगितलं. तो पुढच्या सोमवारी रुजू झाला, पहिल्या पाळीला.